चापावरून काढलेले बोट

गेल्या महिन्यात लंडनजवळच्या हॅरोच्या सभागृहात डॉक्टरांची श्रद्धांजली सभा झाली. तीत त्यांच्या शेवटच्या शिकारीविषयी दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. दोन्ही खोट्या आहेत. 'खोट्या' हा शब्द मी जाणून वापरतो. 'अपुऱ्या' किंवा 'ऐकीव' असे मऊ शब्द मलाही येतात.

पहिली गोष्ट इथल्या आमच्या मराठी मंडळाचे खजिनदार जोगळेकर यांची. ती ते व्यासपीठावरून सांगत नाहीत, चहाच्या टेबलाशी सांगतात. स्कॉटलंडच्या डोंगरात ऐन समोर हरणाचा नर उभा राहिला आणि म्हाताऱ्या डॉक्टरांचा हात असा थरथरू लागला, की बार काढायची त्यांची छातीच झाली नाही. दुसरी गोष्ट डॉक्टरांच्या मुलाची. ती त्याने व्यासपीठावरून सांगितली. तो साउथहॅम्प्टनला जन्मलेला आणि वाढलेला. त्याचे मराठी त्याच्या परीने गोड आहे. "बाबांनी त्या डिअरच्या डोळ्यात बघितलं," तो म्हणाला, "अँड ही जस्ट कुडन्ट. त्या दिवशी बाबा बदलला. रायफल खाली ठेवला तो कायमचा." पुढच्या रांगेत रुमाल निघाले.

त्या दिवशी मी डॉक्टरांपासून हातभर अंतरावर, ओल्या झुडपांत पोटावर पडलेलो होतो. जोगळेकर त्या वेळी डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या मुक्कामाच्या घरात, शेकोटीपुढे गुडघ्याला मलम चोळीत होते. मुलगा हॅरोत होता. एवढे आधी नोंदवतो. बाकीचे क्रमाने सांगेन असे नाही, कारण डॉक्टर मला क्रमाने आठवत नाहीत.

डॉक्टर मूळचे गिरगावचे. त्यांचे आजोबा कुठल्याशा संस्थानाच्या शिकारखान्यात होते, ही आणखी एक जोगळेकरी कथा. आजोबा पोस्टात होते. वडील बँकेत होते. घरात उंदीर मारायचा तरी शेजाऱ्याला बोलावीत. डॉक्टरांनी बंदूक प्रथम हातात घेतली ती चाळिशी उलटल्यावर, इथे, साउथहॅम्प्टनच्या इस्पितळात नोकरीला असताना. आणि तीही एका रुग्णाने आग्रह करून स्कॉटलंडला नेले म्हणून. ते रेडिओलॉजिस्ट होते. जन्मभर त्यांनी अंधाऱ्या खोलीत बसून माणसांच्या आतल्या सावल्या वाचल्या.

अशा माणसाला हरणाच्या मागे डोंगर चढण्याचे वेड का लागावे, याचे मला फार वर्षे कुतूहल होते. एकदा सरळ विचारले.

"सांगतो," ते म्हणाले. "आयुष्यभर आतलं मी पाहिलं आणि कापलं दुसऱ्यांनी. मी लिहून द्यायचो, अमुक जागी अमुक आहे. सर्जन उघडायचा, काढायचा, शिवायचा, आणि घरी जायचा. मी म्हटलं ते बरोबर होतं का, हे माझ्या हातांना कधी कळलंच नाही."

हे उत्तर मला त्या वेळी विचित्र वाटले. पुढे त्यांच्याबरोबर डोंगरात गेलो तेव्हा समजले. नर पडला की बाकीचे लोक शिंगांपाशी जात. डॉक्टर गुडघ्यावर बसून, बाह्या सरसावून, आधी मोठ्याने भाकीत करीत. "डावं फुप्फुस, खालचा भाग. हृदयाचं टोक. पलीकडे पाचव्या बरगडीच्या मागून बाहेर." मग पोट फाडून आत हात घालीत आणि गोळीची वाट बोटांनी चाचपीत जात. भाकीत जुळले तर रात्रीच्या जेवणापर्यंत नाट्यगीत गुणगुणत. चुकले तर सूप गार होईपर्यंत गप्प. मांसाचे त्यांना वावडे नव्हते. हॅरोशेजारच्या पिनरमधल्या आपल्या स्वयंपाकघरात मालवणी मसाला घालून ते त्या हरणाची सागोती करीत आणि आम्हा शेजाऱ्यांना डबे पाठवीत. पण त्यांची खरी भूक बोटांची होती.

निवृत्तीनंतर आणि पत्नी गेल्यानंतर ते पिनरला आमच्या गल्लीत राहायला आले. मुलगा जवळच, हॅरोत. बंदुकीचे पोलादी कपाट कुठे बसवायचे याची मोठी चर्चा झाली. दिवाणखान्याच्या ज्या भिंतीवर ते पक्के बसले असते, तिच्यावर पत्नीचा देव्हारा होता. "तिनं हयातीत चालू दिलं नसतं," असे म्हणून त्यांनी ते जिन्याखालच्या कोनाड्यात भिंतीला ठोकून घेतले, आणि किल्ली गळ्यात जानव्याच्या जागी घातली.

डॉक्टरांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे उभे राहणे होते : आडवे आणि तिरके. आडवे म्हणजे ज्याची कूस पुरती आपल्याकडे आहे. तिरके म्हणजे बाकी सगळे. मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत बसले तरी त्यांचा अभ्यास सुरूच. एकदा समोर एक गृहस्थ वर्तमानपत्र धरून बसले होते.

"हे पाहा," डॉक्टर मला म्हणाले. "पंचेचाळीस अंश, आपल्याकडे तोंड. आता इथे बरगडीमागे मारलं तर गोळी पोटात जाईल. मारायचं खांद्याच्या पुढच्या कडेला."

"डॉक्टर, हळू. मराठी असतील."

वर्तमानपत्र खाली आले. "आहे," गृहस्थ म्हणाले. "कोथरूडचा. हॅरोपर्यंत जिवंत सोडाल का?"

डॉक्टरांना त्यात लाजण्यासारखे काही दिसले नाही. त्यांनी गृहस्थांना "जरा डावीकडे वळता का?" असे विचारले, आणि गृहस्थ खरेच वळले. पुढे ते आमच्या मंडळाचे सभासद झाले.

भोपळ्याची गोष्टही विपर्यास करून सांगितली जाते, म्हणून तीही इथे सरळ करतो. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सभागृहाच्या स्वयंपाकघरात बायका घारग्यांसाठी लाल भोपळे चिरीत होत्या. डॉक्टर तिथे आले, एक लांबट भोपळा उचलला, बुडाला झाकण कापून आतला गर काढला, आणि आत एका बाजूला, खालच्या अंगाला, काडीने एक लिंबू टोचून बसवले. झाकण लावले. भोपळा टेबलावर आडवा ठेवला आणि कोणाचीशी विणकामाची सुई मागून घेतली.

"हे धड. हे लिंबू हृदय. चार पायांच्या जनावराचं हृदय सिनेमातल्यासारखं छातीच्या मधोमध नसतं. खाली असतं, पुढच्या पायांच्या मध्ये, कोपराच्या रेषेत. आता मी भोपळा फिरवणार. या, कोण लावतो सुई?"

जोगळेकर पुढे झाले. त्यांनी तलवार खुपसावी तशी सुई खुपसली. झाकण काढून पाहिले तर लिंबू शाबूत.

"जखमी केलंत," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "आता ते दोन मैल पळेल आणि उद्यापर्यंत मरणार नाही. जा. शोधा."

"अहो, कुठे शोधू?"

"तेच. म्हणून आधी विचार करायचा."

जोगळेकर सांगतात, की तो भोपळा फुटला आणि मी हसलो म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणे सोडले. भोपळा फुटला नाही. हसलो मी नाही, आमची ही हसली. शिवाय तिने डॉक्टरांना सुनावलेही : "भाऊजी, त्याचे घारगे व्हायचे आहेत. लिंबाच्या वासाचे खाल ना?" डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी चवीने खाल्ले.

त्या धड्याचा खरा भाग पुढे होता, आणि तोवर सगळे पांगले होते. डॉक्टरांनी सुई स्वतः घातली. ती लिंबातून जाऊन पलीकडच्या सालीतून बाहेर आली. त्यांनी बोट ठेवले ते त्या बाहेर आलेल्या टोकावर.

"आत जाण्याची जागा गाढवालाही दिसते," ते मला म्हणाले. "मी आधी बाहेर पडण्याची जागा ठरवतो. तिथून उलटं मागे येतो. आणि तिथेही थांबत नाही. गोळी थांबते का? ती पुढे जाते. मागे कोण आहे?"

'मागे कोण आहे?' हा प्रश्न त्यांच्या तोंडी इतका बसला होता, की त्याचा बंदुकीशी संबंध आहे हेही लोक विसरले होते. नातवाने बागेत चेंडू मारायला बॅट उचलली की "मागे कोण आहे?" फोटो काढताना आम्ही सगळे हसून हसून थकलो, तरी मागची अनोळखी माणसे चौकटीतून पुरती निघून गेल्याशिवाय ते बटण दाबीत नसत. मुलाच्या लग्नात या सवयीपायी नवरानवरीचा एकही फोटो त्यांना काढता आला नाही, कारण नवरानवरीच्या मागे सतत कोणीतरी जेवत होते.

नेमबाजीत मला त्यांनीच तयार केले. मी पूल बांधणारा इंजिनियर; भार कुठून येतो आणि कुठे उतरतो हे मला कळते असा माझा समज होता, आणि आहे. डोंगरावर नेण्यापूर्वी तिथला वाटाड्या प्रत्येकाला एका पत्र्याच्या हरणावर बार काढायला लावतो, बंदूक आणि माणूस दोन्ही सरळ आहेत ना हे पाहायला. माझी पहिली गोळी खांद्यामागे नेमकी बसली. मी उठून उभा राहिलो. डॉक्टर म्हणाले, "बसा. पत्रा वळत नाही. तुम्ही अजून काही मारलेलं नाही." मी त्यावर वाद घातला. तो वाद आम्ही दहाएक वर्षे चालवला, आणि तो मी हरलो असे जे म्हणतात त्यांनी माझ्या हातून पडलेला पहिला नर पाहिलेला नाही. "शिंगांकडे पाहू नका," हे मात्र त्यांचे मी मानले. शिंगांकडे पाहणाऱ्याची गोळी शिंगांच्या दिशेने वर जाते, हे खरे आहे.

आता त्या शेवटच्या हंगामाकडे येतो. त्याच्या आधी उन्हाळ्यात डॉक्टरांनी आपल्या मोटारीने स्वतःच्याच फाटकाचा खांब पाडला. मुलगा हॅरोहून धावत आला. मी तिथेच चहा घेत होतो.

"बाबा, तुम्हाला गेट दिसला नाही."

"दिसलं. फाटक दिसलं, खांब दिसला, खांबावरची गोगलगाय दिसली. ब्रेक उशिरा लागला. तो पायाचा दोष."

"दॅट्स वर्स, बाबा!" मुलगा खाली बसला. तो चांगला मुलगा आहे. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. "गाडीचं जाऊ दे. रायफलचं बोला. एका डोळ्याचं कॅटरॅक्ट झालंय, दुसऱ्याचं नाही केलं. तुम्हाला नीट दिसत नाही आता. चुकून कोणी मेलं तर?"

"मला दिसतं."

"तुम्ही नेहमी तेच बोलणार ना!"

डॉक्टरांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "ठीक. ऑक्टोबरात जातो आहे. एक नर, एका गोळीत, जागच्या जागी. जमलं तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. नाही जमलं तर रायफल डीलरकडे देऊन टाकतो, लायसन्स पोलिसांना परत."

"आणि एक्सक्यूज नाही. वारा होता, पाऊस होता, असलं काही नाही."

"एक्सक्यूज नाही," डॉक्टर म्हणाले, आणि हात पुढे केला. मुलाने तो धरला. साक्षीला मी होतो.

आम्ही गेलो तेव्हा हंगाम संपत आला होता. सोबत जोगळेकर होते, कारण त्यांना स्कॉटलंडचे हायलंड्स पाहायचे होते. ते त्यांनी खिडकीतून पाहिले. आमचा वाटाड्या कॅलम, पन्नाशीचा, कमी बोलणारा, डॉक्टरांना पुष्कळ वर्षे ओळखणारा. आधीचे सगळे दिवस धुक्यात गेले. उरला शेवटचा दिवस. त्या दिवसानंतर नरावर बार काढणे कायद्याने बंद.

दुपारी पाऊस थांबला आणि वरच्या खोऱ्यातून डरकाळी ऐकू आली. माजावर आलेला नर माद्यांचा कळप राखीत होता. आम्ही ओढ्यातून रांगत गेलो. पाणी कोपरांतून आत शिरून गुडघ्यांतून बाहेर येत होते. डॉक्टरांच्या वयाचा माणूस त्यातून कसा गेला याचे मला आजही आश्चर्य वाटते. मी त्यांच्याहून लहान असून मागे पडत होतो. अखेर एका उंचवट्यामागे पोहोचलो. कॅलमने पाठीवरची पिशवी पुढे सरकवली, डॉक्टरांनी तिच्यावर रायफल टेकली. नर दीडशे यार्डांवर होता. त्याने एकदा मान वर करून डरकाळी फोडली आणि तो वळला. पुरता आडवा. पत्र्याच्या हरणासारखा.

"व्हेनएव्हर यू आर रेडी, डॉक्टर," कॅलम कुजबुजला.

डॉक्टरांनी गाल लाकडाला लावला. बोट चापावर गेले. अर्धा श्वास सोडून ते थांबले, नेहमी थांबत तसे. मी कान दाबण्यासाठी हात उचलला.

बार झाला नाही. बोट चापावरून निघाले आणि त्याच्या वर, लोखंडाला समांतर, सरळ होऊन पडले.

जोगळेकरांसाठी इथे एक गोष्ट लिहून ठेवतो. त्या वेळी रायफलीच्या तोंडाशी पावसाचा एक थेंब लोंबत होता. मी तो पाहत होतो, कारण माझ्या डोळ्यांच्या पातळीत तोच होता. तो पडला नाही. हात थरथरणाऱ्याच्या नळीवर थेंब टिकत नाही.

"ही इज परफेक्ट," कॅलम म्हणाला.

डॉक्टर मराठीत पुटपुटले, "मागे कोण आहे?"

मी दुर्बीण लावली. नराच्या मागे तांबूस गवत, त्यामागे उतार. "कोणी नाही," मी म्हणालो.

"आहे. पोटाखालून पाहा. कान."

मला कान दिसले नाहीत. गवत दिसले. कॅलमही आपल्या दुर्बिणीतून पाहत होता; डॉक्टर काय म्हणतात हे त्याला भाषेमुळे कळत नव्हते, आणि तो बावचळल्यासारखा एकदा नराकडे, एकदा डॉक्टरांकडे पाही. नर तसाच उभा. डॉक्टर तसेच पडलेले. "एक पाऊल टाक," ते म्हणाले. मला नव्हे, नराला. "एकच. पुढे."

मला त्या क्षणी पैज आठवली. मी त्यांच्या कानाशी म्हणालो, "डॉक्टर, आजचा शेवटचा दिवस आहे."

"माहीत आहे."

नराने पाऊल टाकले नाही. आमच्या मानेवर गार झुळूक लागली, म्हणजे वारा फिरला. त्याला आमचा वास गेला. त्याने डोके झटकले आणि एका उडीत तो उतारावरून खाली गेला. तो उभा होता त्याच्या नेमके मागे, गवताच्या एका खळग्यातून, एक मादी उठली. तिच्या पायांशी त्या वर्षीचे पाडस होते. दोघे नराच्या मागे धावत गेली.

कॅलमने दुर्बीण खाली केली. "आय नेव्हर सॉ हर," तो म्हणाला.

"तुमचा कोन वेगळा होता," डॉक्टर त्याला इंग्रजीत म्हणाले, अगदी अदबीने, आणि रायफलीतून गोळी काढून खिशात टाकली.

थोड्या वेळात धुके उतरले आणि दिवस संपला.

उतरताना मी गप्प बसलो नाही. बसायला हवे होते असे मला कधीच वाटलेले नाही. मी म्हणालो, "पोराला सांगा. मी सांगतो. कॅलम लिहून देईल. मादी मागे होती म्हणून बार काढला नाही, याला सबब म्हणत नाहीत."

"काय म्हणतात?"

"नियम म्हणतात. तुमचाच."

"पैज नर मारण्याची होती," ते म्हणाले. "का मारला नाही हे सांगण्याची नव्हती. एक्सक्यूज नाही म्हणून मी हात दिला आहे." थोडे चालून पुन्हा म्हणाले, "आणि समजा सांगितलं. त्याचं म्हणणं काय? मला दिसत नाही. मी जाऊन सांगणार, जी कोणालाच दिसली नाही ती मला दिसली. तो म्हणेल, दिसली की भासली?"

"मी साक्षीदार आहे ना!"

"तुम्ही?" ते थांबून हसले. "तुम्ही माझ्या बाजूने कोणाशीही भांडाल हे सगळ्या हॅरोला माहीत आहे. तुमची साक्ष कोण घेतो?"

मग उरलेल्या वाटेवर ते मला सांगत होते, की ती मादी नसती तर गोळी कुठून आत गेली असती, डाव्या कोपरामागे दोन बोटे, आणि कोणत्या बरगडीतून बाहेर पडली असती. करुणा जागी झालेला माणूस असे बोलत नाही. शिवाय आडव्या उभ्या नराच्या डोळ्यांत दीडशे यार्डांवरून कोणी पाहू शकत नाही. त्याचा एकच डोळा आपल्याकडे असतो आणि त्यात काही वाचता येत नाही. त्यांनी त्या नराला जीवदान दिले नाही. त्यांना तो हवा होता. त्याच्याइतके त्यांना त्या वर्षी दुसरे काहीच हवे नव्हते. तरी त्यांनी बोट काढले. नियम आणि करुणा यांत नेमका फरक काय, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. फरक आहे. करुणा वाटावी लागते. नियमाला काही वाटण्याची वाट पाहावी लागत नाही.

लंडनच्या युस्टन स्टेशनवर मुलगा घ्यायला आला होता.

"मिळाला का शॉट, बाबा?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

मी तोंड उघडले होते. डॉक्टरांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी ते मिटले. मुलाने वडिलांच्या हातातली रायफलीची लांब पेटी हळूच काढून घेतली. "द्या, मी घेतो," म्हणाला. ती पेटी डॉक्टरांनी पुन्हा हातात घेतली ती डीलरकडे देण्यासाठी.

पोलादी कपाट भिंतीत पक्के असल्यामुळे तिथेच राहिले. त्यात त्यांनी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. किल्ली गळ्यातच राहिली, त्यामुळे लोणचे वाढायचे म्हणजे सदऱ्याची गुंडी काढण्यापासून सुरुवात. कोणी विचारले, "शिकार सोडलीत म्हणे?" तर म्हणत, "पुरे झालं." या दोन शब्दांवर ती सगळी करुणेची इमारत उभी राहिली. गाडीतल्या गृहस्थांना तिरके-आडवे ठरवणे त्यांनी थांबवले होते, हे मात्र खरे. मी मुद्दाम कोणी चांगला आडवा उभा दिसला की दाखवीत असे. ते पाहत आणि "हो," म्हणत.

सभेत मुलाचे भाषण संपले तेव्हा मी उभा राहिलो. "अध्यक्ष महाराज, हे असे घडलेले नाही."

"बसा हो," जोगळेकर मागून म्हणाले. "श्रद्धांजली आहे, वार्षिक सभा नाही."

"माणूस गेला म्हणून त्याची गोष्ट मंडळाच्या मालकीची होत नाही," मी म्हणालो. आमच्या हिने कोटाचे टोक धरून ओढले, अध्यक्षांनी दोन मिनिटे स्तब्धता जाहीर केली, आणि स्तब्धतेत बोलणे मलाही जमले नाही.

नंतर मुलगा स्वयंपाकघरात मला शोधत आला. चहाचे मोठे भांडे उकळत होते. तो रागावलेला नव्हता. "काका, मग काय झालं होतं? सांगा ना."

मी सांगितले. वर लिहिले आहे तेवढेच, वर लिहिले आहे तसेच. थेंब, बोट, कान, मादी, पाडस. कॅलम काय म्हणाला तेही.

"तुम्हाला ती दिसली होती? आधी?"

"नाही. उठली तेव्हा दिसली."

"कॅलमला?"

"नाही."

"फक्त बाबाला."

"फक्त त्यांना."

त्याने भांड्याची तोटी उघडली, कप भरला, आणि तो कट्ट्यावर तसाच ठेवून दिला. "म्हणजे बाबाला दिसत होतं," तो म्हणाला. "सगळ्यांपेक्षा जास्त दिसत होतं."

"हो."

"मग मला का नाही बोलले? मी विचारलं होतं, काका. स्टेशनवर विचारलं होतं मी."

"तू विचारलेस, शॉट मिळाला का. मिळाला नव्हता. त्यांनी खरे उत्तर दिले."

बाहेर खुर्च्या एकावर एक रचल्याचा आवाज येत होता. कोणीतरी त्याला हाक मारली. तो गेला नाही.

"ते नाही म्हणाले ना," तो म्हणाला, "तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. मी पेटी बघत होतो. मी इतका हॅपी झालो होतो, काका."

मी आयुष्यात पुष्कळांची पुष्कळ वाक्ये खोडून काढली आहेत. हे तसेच राहू दिले. मी त्याचा कप उचलून त्याच्या हातात दिला, आणि त्याचा चहा पिऊन होईपर्यंत तिथे उभा राहिलो.